शांतता कोणाची?

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील जॉन कॉन्स्टेबल याच्या ‘हे वेन’ या तैलचित्राकडे बोट दाखवून, “पहा, जुने इंग्रजी खेडे किती सुखी होते!” असे उद्गार काढणाऱ्या रसिकांशी आमचा स्पष्ट मतभेद आहे. १८२१ सालच्या या चित्रातील स्टूर नदीचे उथळ पाणी, त्यात उभी असलेली गवत वाहण्याची रिकामी गाडी, काठावरचे घर, मेघांनी भरलेले आकाश हे सर्व मनोहर आहे, हे कोण नाकारील? पण गवत कापणारे मजूर कोठे आहेत? दूरच्या कुरणात, ठिपक्यांएवढे! १८१५ च्या धान्य कायद्याने परदेशी धान्य अडवून जमीनदारांचे हित राखले. आणि १८१६ व १८२२ साली याच पूर्व इंग्लंडात गांजलेल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली. चित्रकार पाणचक्कीच्या मालकाचा व धान्याच्या व्यापाऱ्याचा पुत्र. बालपणीची प्रिय भूमी त्याने लंडनमध्ये बसून रंगविली. यात त्याचा अपराध काही नाही. परंतु प्रेमाने जागविलेल्या आठवणीस साक्षीदाराची जबानी मानणे, हा अपराध पाहणाऱ्याचा आहे. चित्रावर लुब्ध अवश्य व्हावे. मजुरांच्या भाकरीचा हिशेब मात्र त्यावरून मांडू नये.