दिवेलागणीचा भोंगा



आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं काही वर्षांपूर्वी एक गोष्ट ठरवली. संध्याकाळी ६ वाजता गावात भोंगा वाजवायचा. तो वाजला की टीव्ही, मोबाइल बंद आणि ८ पर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं. ही वाट आधी घालून दिली होती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली. पुढं शाळेची दारं उघडली तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ ते ८.३० टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरलं. आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावत राहिले.

आमच्या लहानपणी ही वेळ दिवेलागण ठरवायची. देवापुढं दिवा, शुभंकरोती, मग परवचा. चुलीपुढं भाकरी थापता थापता आई दिवसभराचं काढून घ्यायची. तेव्हाचे सगळे बाप लेकरांशी मोकळं बोलायचे, असं म्हटलं तर ते खोटं होईल. बापाच्या धाकानं गप्प बसलेली लेकरं आम्हीच होतो. पण बापाला सांगता येत नव्हतं ते आजीला सांगता यायचं, चुलत्याला सांगता यायचं. घरात एक तरी कान मोकळा असायचा. आज तोच मिळत नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. माती तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं, तरी भान नाही. पुढं पंढरपुरात, भर कीर्तनात विठ्ठलानं ते लेकरू परत दिलं, असं कथा सांगते. काकांची तंद्री नामाची होती. आमची बोटं पडद्यावर सरकत असतात आणि लेकरू "पप्पा, ऐका ना" म्हणत शर्ट धरून उभं असतं. चार वेळा हाक मारून ते निघून जातं. मग हाक मारणंच सोडून देतं. ते परत आणून द्यायला विठ्ठल येईल, या भरवशावर आपल्याला राहता येणार नाही.

म्हणून या दिवाळीला आमचं मागणं मोठ्यांकडं आहे. रोज अर्धा तास ठरवा आणि आधी आपला मोबाइल बाजूला ठेवा. "मार्क किती पडले?", "गृहपाठ झाला का?" ही विचारपूस हिशेबाची झाली. आज कशाचं हसू आलं, कुणाशी कट्टी झाली, भीती कशाची वाटली, ते विचारा. आपलंही सांगा: सोयाबीनला भाव काय लागला, एसटीत कोण भेटलं, आज आपलं काय चुकलं. चूक कबूल करणारा बाप दिसला, तर लेकरूही आपली चूक घरात सांगेल.

दोष मोबाइलवर ढकलून मात्र चालणार नाही. दिवाळीच्या मागंपुढं आपल्याकडची किती तरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. फडावर दिवसभर राबून आई रात्री फोन करते, "जेवलास का?" विचारते. त्या घराची दिवेलागण तीच. तिच्या दोन मिनिटांत आख्खी आई असते. शेजारी बसूनही आपण तेवढे असतो का?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आईनं काय काय दिलं हे सांगायला श्यामला ४२ रात्री लागल्या. आपली मुलं मोठी झाल्यावर आपल्याविषयी किती रात्री बोलू शकतील?

हा दिवाळी अंकही एकट्यानं वाचून ठेवून देऊ नका. फराळ झाला की रोज एक पान मोठ्यानं वाचा. लेकरानं मध्येच काही विचारलं, तर पान तिथंच मिटा आणि त्याचं ऐका. राहिलेलं पान उद्या वाचता येईल.

 

— संपादक