पास हातात आहे, गाडीही वेळेत हवी



"मी एसटी बोलतेय" हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. लाल रंग, खड्डे, गर्दी आणि शेवटी "मला स्वच्छ ठेवा". वर्गातल्या तीस वह्या एकसारख्या! पण त्याच मुलांना विचारा, "सकाळची गाडी फाट्यावर किती वाजता येते?" मिनिटासकट सांगतील. कोणत्या खिडकीची काच सरकत नाही, हेही सांगतील. एवढं सगळं माहीत असून ते वहीत येत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

एसटीवर आपल्या जिल्ह्याचा थोडा जास्तच हक्क आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. म्हणूनच १ जून हा एसटीचा वर्धापनदिन. आपलं तिसगाव नगर-पाथर्डी रस्त्यावर, आणि शेवगावचा रस्ताही इथूनच फुटतो. त्यामुळे आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना शाळा, बाजार, दवाखाना, कशालाही जायचं तर आधी गाडी गाठावी लागते.

माझ्या पिढीच्या एसटीच्या आठवणी गोडच आहेत. कंडक्टर काका तिकिटाला पंच मारायचे, तो "टिक टिक" आवाज. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून द्यायचे आणि मग उतरेपर्यंत आपलं सगळं लक्ष त्या दोन रुपयांवर. करंजी घाट आला की आई हातात लिंबू द्यायची, "वास घे, मळमळणार नाही". आणि मुक्कामी गाडी! रात्री गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघायची. तिच्या हॉर्नवर गावातली घड्याळं लागायची.

डी.एड.ला शहरात होते तेव्हा आईने केलेला डबा एसटीनेच यायचा. कापडात बांधलेला, वर पेनाने नाव लिहिलेलं. माझ्यासारखी किती तरी पोरं त्या वेळी स्टँडवर डब्याची वाट पाहत उभी असायची. भाकरी गार झालेली असायची, पण गावाहून आलेली असायची. तुमच्यापैकी अनेकांचं शिक्षण असंच झालं असेल.

आता बारीकसारीक त्रास. ते तर रोजचेच! गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून रुमाल किंवा पिशवी टाकून जागा धरायची. तो रुमाल म्हणजे जणू सातबारा! शेजारच्याने मोबाईलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावायचे. पुढच्या खिडकीतून कुणी पिचकारी मारली की मागच्याने चेहरा पुसायचा. दारातच उभं राहून "आत जागा नाही" असं आत जागा असताना सांगायचं. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून एक टोमणाही ऐकायला मिळतो, "काय, अर्ध्या तिकिटात फिरायला का?" अहो, ती बाई बँकेत निघालेली असते, दवाखान्यात निघालेली असते. आणि समजा माहेरी निघाली असेल, तर त्यात काय बिघडलं? पंचाहत्तरी पार केलेल्या आजोबांना २०२२ पासून तिकीटच नाही. त्यांना कुणी असं विचारत नाही.

हे त्रास आपण घरी जाऊन हसत सांगतो आणि विसरतो. मोठ्या माणसाची गाडी चुकली तर त्याचा तासभर जातो. दुसरी गाडी मिळते, नाहीतर वडाप मिळतं, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसता येतं. पण सातवीतल्या मुलीची गाडी चुकली तर? तिचा पहिला तास जातो, कधी अख्खा दिवस जातो. शाळा साडेपाचला सुटते आणि पुढची गाडी सातला असेल, तर थंडीच्या दिवसांत ती अंधारात फाट्यावर उभी असते. असं चार वेळा झालं की घरात विषय निघतो, "कशाला पाठवायचं एवढ्या लांब?" मुलीची शाळा एकदम सुटत नाही, ती अशी एकेका चुकलेल्या गाडीने सुटत जाते.

थोडं नियमांकडे पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. आठवीनंतर हे अंतराचं बंधन संपतं. वस्तीवरची शाळा पुष्कळदा चौथीपर्यंतच असते. म्हणजे जसजशी इयत्ता वाढते, तसतशी शाळा घरापासून लांब जाते. ते अंतर भरून काढायचं काम कोण करतं? एसटीच ना!

सरकारनेही हे ओळखलेलं आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. अहिल्याबाईंचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि आज जिल्ह्याला नावही त्यांचंच आहे. मुलांना पासासाठी एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. २०२४ पासून हे पास शाळेतच देण्याची सोय झाली, म्हणजे पासासाठी रांगेत उभं राहायला नको. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण पास हा कागद आहे, तो काही मुलीला शाळेत नेऊन सोडत नाही. शाळेच्या वेळेला गाडी नसेल, किंवा भरली म्हणून फाट्यावर थांबलीच नाही, तर मोफत पासाचा उपयोग काय?

गाडी नसली तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले आणि महिनाभरातच एसटीचा संप लागला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या त्यांच्या पोटाच्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या महिन्यांत घराघरांत एकच प्रश्न होता, "वडापमध्ये पोरीला एकटीला कसं पाठवायचं?" एसटीच्या गाडीत कंडक्टर असतो, ओळखीची माणसं असतात. त्या लाल गाडीवर आईबापांचा जो विश्वास आहे, तो दुसऱ्या कुठल्याच गाडीवर नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, शाळेचं वेळापत्रक आणि गाडीचं वेळापत्रक एकत्र बसून ठरलं पाहिजे. हे फार अवघड काम नाही. जूनमध्ये शाळा भरली की शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या. कोणत्या वाडीवरून किती मुलं येतात, मुली किती, शाळा कधी भरते, कधी सुटते, याचा एक तक्ता करा. ठराव करा, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा आणि आगार व्यवस्थापकांना द्या. "गाडी वेळेवर येत नाही" असं मोघम सांगून काही होत नाही. "या थांब्यावर अठरा मुलं आहेत, शाळा अमुक वाजता सुटते" असं आकड्यात सांगितलं की समोरच्यालाही निर्णय घेणं सोपं जातं.

आपण प्रवाशांनीही थोडं करावं. शाळेच्या गाडीत रुमाल टाकू नका. पाठीवर दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोराला आत सरकायला जागा द्या. फाट्यावर मुलं दिसली तर "थांबवा हो, पोरं आहेत" एवढं मोठ्याने म्हणा. एका माणसाच्या आवाजानेही गाडी थांबते.

आणि शिक्षक मित्रांनो, पत्रलेखनाचा धडा आपण शिकवतोच. आगार व्यवस्थापकांना पत्र लिहा, हा प्रश्न तर नेहमीचाच. यंदा त्यात "अ. ब. क." नको. मुलांना आपल्या गावाचं खरं नाव लिहू द्या, खरा थांबा, खरी वेळ, रोज चढणाऱ्या मुलांची खरी संख्या लिहू द्या. त्यातलं एक चांगलं पत्र वर्गातच निवडा, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि खरोखरच पाठवा. गुण तर मिळतीलच, कदाचित गाडीही मिळेल!