दटावणी कीं शुश्रूषा?

घरांत कोणास विषमज्वर झाला तर आपण त्यास रागें भरत नाहीं. त्याच्या उशाशीं बसतों, डॉक्टरांस बोलावितों, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत घेतों. परंतु त्याच घरांतील मुलगा दारूच्या किंवा गर्दच्या नादीं लागला, अथवा मुलगी अन्न टाकून दिवसेंदिवस खंगूं लागली, कीं घराच्या तोंडास कुलूप लागतें. आधीं दटावणी, मग शपथा, मग मार आणि शेवटीं लपवाछपवी, हा क्रम ठरलेला. आमचें मत असें आहे कीं, हीं दोन्हीं दुखणीं होत, आणि दुखण्यास शुश्रूषा लागते.

हें मत केवळ आमच्या पदरचें नव्हे. अन्न टाकून शरीर झिजविण्याच्या विकारास आज रूढ असलेलें नांव इंग्लंडांतील डॉ. विल्यम गल यांनीं १८७३ सालीं दिलें. अधाशीपणें खाऊन मग तें खाल्लेलें बाहेर टाकण्याच्या विकाराचें वर्णन डॉ. जेरल्ड रसेल यांनीं १९७९ सालीं केलें. आपल्या देशांतही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मद्य व अमली पदार्थ यांच्या दुरुपयोगाशीं निगडित मनोवस्थांस मानसिक आजारांत गणलें आहे.

पुणेकरांस तर दाखला दूर शोधावयास नको. गर्दचें व्यसन शहरांत पसरूं लागलें तेव्हां अनिल अवचट यांनीं त्याविषयीं वृत्तपत्रांत लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं ‘मुक्तांगण’ सुरू झालें. त्याचा भार वाहिला तो त्याच रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनीं. १९९७ सालीं त्या निवर्तल्या; पुढें त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं तें कार्य चालविलें. रोगी तेथें सुमारें पांच आठवडे राहतो. त्याच्या पत्नीसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच तेथें समुपदेशक म्हणून उभीं राहतात. ज्यास काल लोकांनीं वाया गेलेला ठरविलें तोच आज दुसऱ्यास हात देतो, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

आतां अशा रोग्याजवळ परिचारिका काय करते तें पाहूं. पुष्कळ दिवस रोज पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडली तर हात कांपतात, झोप उडते, प्रसंगीं झटके येतात, भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. म्हणून मुलास खोलींत कोंडून ‘आजपासून एक थेंब नाहीं’ असें बजावणें हा घरगुती उपाय घातक आहे. परिचारिका नाडी, रक्तदाब व कंप वेळोवेळीं पाहते, डॉक्टरांनीं नेमून दिलेलें औषध व ब-१ जीवनसत्त्व देते. शरीर सावरल्यावर मग ती बोलूं लागते. तेंही उपदेश करण्यासाठीं नव्हे, तर विचारण्यासाठीं: दारूनें तुम्हांस काय दिलें आणि तुमचें काय नेलें? उत्तर रोग्याच्याच तोंडून आलें म्हणजे तें त्यास पटतें.

अन्न टाकणाऱ्या मुलीजवळ ती जेवणाच्या वेळीं बसते आणि जेवण झाल्यावरही कांहीं काळ बसून राहते. त्या वेळांत वजनाची किंवा रूपाची चर्चा ती करीत नाहीं. ताटावर बसलेल्यास बोलूं नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम. तोच येथें औषधाप्रमाणें पाळला जातो. शिवाय दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहास एकदम भरपूर अन्न दिलें तर रक्तांतील क्षारांचें प्रमाण बिघडून अपाय होतो. म्हणून ‘खा, खा’ असा आग्रह न करितां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं अन्न हळूहळू वाढवितात.

कोणी म्हणेल, ‘अशानें मुलें शेफारतील.’ आम्हांस तसें वाटत नाहीं. परिचारिकेची शिस्त घरच्या दटावणीहून कडकच असते. ती वेळ चुकूं देत नाहीं, खोट्यावर पांघरूण घालीत नाहीं, औषध लपविलें तर विचारते. फरक इतकाच कीं, ती दुखण्याशीं झुंजते, रोग्याचा तिरस्कार करीत नाहीं. बरा झालेला रोगी पुन्हां घसरला तर त्यास ती कृतघ्न म्हणत नाहीं. दुखणें उलटलें असें समजून पुन्हां आरंभ करते. हिल्डेगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेनें १९५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत परिचारिका व रोगी यांच्या परस्परसंबंधासच शुश्रूषेचा गाभा मानलें, तें याचसाठीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, लग्नकार्यांत भेटलेल्या मुलीस ‘किती जाड झालीस!’ किंवा ‘किती वाळलीस!’ असें म्हणण्याची आपली जुनी रीत सोडावी. मूल जेवण टाळीत असेल, जेवतांच न्हाणीघरांत जात असेल, घरांतील पैसे नाहींसे होत असतील, त्याची संगत एकाएकीं बदलली असेल, तर प्रथम शांतपणें विचारावें आणि मग डॉक्टरांकडे न्यावें. विद्यार्थ्यांनीं मित्राचें असें दुखणें झांकून ठेवूं नये. शिक्षकांस किंवा आईवडिलांस सांगणें ही चहाडी नव्हे. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा आहे, आणि तेथें मराठींतही बोलतां येतें.

लाजेनें दडविलेलें दुखणें वाढतच जातें. यापुढें अशा प्रसंगीं एका घरांत जरी छडीआधीं खुर्ची पुढें झाली, आणि ‘बस, काय होतें आहे तें सांग’ असे शब्द निघाले, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.