व्हीपीएनची डुप्लिकेट किल्ली

नवा लॅपटॉप हातात आल्याचा आनंद साधारण तासभर टिकतो. मग व्हीपीएन जोडायची वेळ येते. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, सर्टिफिकेट, कुठला ट्रॅफिक आतून न्यायचा, कुठला बाहेरून... जुन्या लॅपटॉपवर हे सगळं कुणीतरी बसवून दिलेलं असतं, आणि तो कुणीतरी आता दुसऱ्या कंपनीत असतो! मग आपण शोधतो ते 'एक्सपोर्ट' बटण. जुन्या मशीनवर एक्सपोर्ट, नव्यावर इंपोर्ट, काम फत्ते. निदान वाटतं तरी तसं.

तर मंडळी, आजचा विषय ही दोन बटणं. माझं मत आधीच सांगून टाकतो: एक्सपोर्ट ही हवीच अशी सोय आहे, पण बाहेर पडणाऱ्या फाईलीत नुसता पत्ता आहे की घराची किल्लीसुद्धा, हे जे सॉफ्टवेअर सांगत नाही ते अर्धवट आहे. आणि बहुतेक सॉफ्टवेअर सांगत नाहीत.

ओपनव्हीपीएनचंच घ्या. त्याची सेटिंगची फाईल साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडते. सुरुवातीला सर्व्हर, पोर्ट, यूडीपी की टीसीपी वगैरे. खरी गंमत सर्टिफिकेटपाशी आहे. ते दोन प्रकारे लिहिता येतं. एक, फक्त रस्ता द्यायचा: 'सर्टिफिकेट अमुक फोल्डरमध्ये आहे, प्रायव्हेट की तमुक फोल्डरमध्ये.' दोन, दोन्ही त्याच फाईलीत पूर्ण चिकटवायची. पहिल्या प्रकारची फाईल एकटी नव्या मशीनवर नेली तर काही उपयोग नाही, कारण तिथे ते फोल्डरच नाहीत. दुसऱ्या प्रकारची फाईल मात्र ज्याच्या हाती पडली त्याच्याकडे किल्ली गेली. सर्व्हर वर पासवर्डही मागत असेल तर ठीक, नाहीतर दार उघडंच. आणि दोन्ही फाईलींचं एक्स्टेन्शन एकच, आयकॉन एकच. बाहेरून ओळखणार कसं?

लिनक्सवर हे काम नेटवर्कमॅनेजर करतो (रेड हॅटने २००४ मध्ये सुरू केलेला प्रकल्प). त्याची रचना अशी की बहुतेक जातींच्या व्हीपीएनसाठी वेगळा प्लगिन, आणि इंपोर्ट-एक्सपोर्ट तो प्लगिनच करतो. ओपनव्हीपीएनची चिकटवलेली फाईल इंपोर्ट केलीत, की तो आतली सर्टिफिकेटं आणि की काढून तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. नंतर तेच कनेक्शन एक्सपोर्ट केलंत तर नव्या फाईलीत त्या फोल्डरचा फक्त रस्ता येतो. म्हणजे आत गेली एक अख्खी फाईल, बाहेर आला नुसता नकाशा. शिवाय मूळ फाईलीतल्या ज्या ओळी प्लगिनला कळत नाहीत त्या वाटेतच गळतात. मग नव्या लॅपटॉपवर जोडणी का होत नाही म्हणून आपण सगळा शनिवार डोकं खाजवत बसतो.

वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये आला. त्याची फाईल इतकी सुटसुटीत की प्रेमातच पडावं: जेमतेम दहा ओळी. पण त्या दहांतली एक ओळ म्हणजे तुमची प्रायव्हेट की, ४४ अक्षरांची, उघडीवाघडी.

कुणी म्हणेल, मग की लपवून लिहा ना फाईलीत. तोही प्रयोग होऊन गेलाय. सिस्कोच्या जुन्या व्हीपीएन क्लायंटच्या प्रोफाईल फाईलीत ग्रुपचा पासवर्ड 'एन्क्रिप्ट' करून ठेवलेला असे. पण तो उलगडायला लागणारं सगळं फाईलीतच होतं. व्हीपीएनसी या मुक्त प्रोग्रॅमबरोबर तो पासवर्ड सोडवणारं छोटंसं साधनच मिळायचं. कुलूप लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली, त्यातलाच प्रकार.

आता हे सगळं आपल्या रोजच्या कामात कुठे नडतं? मार्च २०२० मध्ये सगळे रातोरात घरून काम करू लागले, तेव्हा अनेक लहान ऑफिसांत एकच फाईल बनली आणि मेलवरून, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून सगळ्यांना वाटली गेली. कुणाला दोष देत नाही, वेळच तशी होती. पण अशी एकच की दोघांनी वापरली की काय होतं ते बघा. ओपनव्हीपीएनच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दुसरा आत आला की पहिला बाहेर फेकला जातो. वायरगार्डमध्ये सर्व्हर शेवटचं पॅकेट जिथून आलं तिथेच उत्तर पाठवतो, त्यामुळे दोघांची रस्सीखेच चालते. दोघंही इंटरनेट कंपनीला शिव्या घालतात. आणि खरा घोळ कुणी नोकरी सोडल्यावर होतो. प्रत्येकाची की वेगळी असेल तर त्या एकाचीच रद्द करता येते. सगळ्यांची एकच असेल तर एकाला बाहेर काढायला सगळ्यांच्या बदलाव्या लागतात. म्हणून त्या बदलल्या जात नाहीत, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये ऑफिसची किल्ली तशीच पडून राहते.

यावर सुरक्षावाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: एक्सपोर्टच काढून टाका. मला ते अजिबात पटत नाही. सोय काढली की माणसं स्क्रीनशॉट घेतात, पासवर्ड नोटपॅडमध्ये उतरवतात, म्हणजे आणखीच वाईट. आणि ज्याच्याकडे आयटी विभाग नाही, त्या फ्रीलान्सरने किंवा पाच माणसांच्या ऑफिसने दर वेळी सगळं हाताने भरत बसायचं का? विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनची तऱ्हा इथे बघण्यासारखी आहे. तिथे एक्सपोर्टचं बटण नाही, पण कनेक्शनं एका फोनबुक फाईलीत असतात. ती उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर पत्ते जातात, पासवर्ड मागेच राहतो. मला हवी ती विभागणी इथे आयतीच आहे, फक्त बटण नाही.

माझी मागणी साधी आहे. एक्सपोर्ट दाबल्यावर दोन पर्याय यावेत: 'फक्त सेटिंग' आणि 'सेटिंग व किल्ली'. दुसरा निवडला तर पासफ्रेज घातल्याशिवाय फाईल बनू नये. आणि इंपोर्ट झाल्यावर एक यादी दिसावी: या ओळी घेतल्या, या सोडल्या. यात अवघड काहीच नाही, लिहायला एखादा वीकांत पुरेल. :)

तोवर आपल्या हातात काय आहे? पाठवण्याआधी फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत प्रायव्हेट की दिसली तर ती पासवर्डसारखीच वागवा, मेलवर नको आणि ग्रुपवर तर नकोच. नव्या लॅपटॉपसाठी नवी की मागा आणि जुनी रद्द करायला सांगा. आलेली फाईलही इंपोर्ट करण्याआधी वाचा. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड दोन्हींच्या फाईलीत जोडणी होताना कमांड चालवायच्या ओळी घालता येतात, आणि ओपनव्हीपीएनच्या अशा फाईलीतून मशीनचा ताबा घेता येतो हे २०१८ मध्येच दाखवून झालंय. अनोळखी माणसाने दिलेली फाईल म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमच समजा.

असो. एक काम मात्र आजच करून टाका: आपल्या 'डाऊनलोड्स' फोल्डरमध्ये व्हीपीएनच्या किती फाईली पडल्या आहेत ते मोजा. आणि त्यातल्या किती अजून चालतात, तेही.