बरीतल्या डब्या आणि बिनलेबलाची क्रीम

शव्वाल लागला की घरोघरी लग्नपत्रिका येऊ लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ आमच्याकडे भगिनींचे प्रश्न. सुनेच्या बरीत मेकअपच्या पेटीबरोबर कोणत्या क्रीम ठेवाव्यात? सिरम म्हणजे नेमके काय? नववीतली मुलगी फेसवॉशसाठी हट्ट धरते, घेऊन द्यावा का? आम्ही त्वचेच्या डॉक्टर नाही, शिक्षिका आहोत. पण डबीवर काय छापले आहे ते वाचणे आणि वाचायला शिकवणे हे आमचे रोजचेच काम, म्हणून या महिन्यात तेवढेच करू या.

पहिली वस्तू चेहरा धुण्याची. अंगाचा साबण चेहऱ्याला कडक पडतो, कारण तो मळाबरोबर त्वचेचे स्वतःचे तेलही काढून नेतो. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. पाच वेळच्या वुजूत चेहरा साध्या पाण्याने धुतला जातोच, तिथे दरवेळी फेसवॉश घेण्याची काही गरज नाही. काही मुली तसे करतात आणि मग गाल ओढल्यासारखे वाटतात अशी तक्रार करतात. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश चालतो. ते तेलात विरघळते, म्हणून बुजलेल्या रंध्रांत उतरते. मूल कोरड्या त्वचेचे असेल तर मात्र हा फेसवॉश त्याच्यासाठी नाही.

दुसरी वस्तू मॉइश्चरायझर. याचे काम दोन प्रकारचे असते. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड यांसारखे घटक पाणी धरून ठेवतात आणि पेट्रोलियम जेली वरून थर देऊन ते उडू देत नाही. त्यामुळे चेहरा किंचित ओला असतानाच लावले तर थोडक्यात भागते. वुजूनंतर चेहरा टिपला की लगेच लावा. महागडी डबी हवीच असे नाही. ग्लिसरीन आणि गुलाबजलाची आपल्या नानी-दादींची बाटली अजूनही कामाची आहे, फक्त ग्लिसरीन थोडे आणि गुलाबजल जास्त.

तिसरी वस्तू सनस्क्रीन, आणि आमच्या मते बरीत एकच डबी ठेवायची असेल तर हीच ठेवावी. गालांवरचे वांग, मुरुमांचे राहिलेले काळे डाग, अकाली सुरकुत्या यांना ऊन वाढवते. हे झाकल्याशिवाय डागांवर कितीही सिरम लावले तरी भांड्याला भोक असताना पाणी भरण्यासारखे आहे. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी किरण अडवते, ३० सुमारे ९७ टक्के, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० च्या पुढे फरक फार थोडा, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. यूव्हीए किरणांसाठी डबीवर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हे असतात, ती तीन तरी असावीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ ओढावी, तेवढे चेहरा आणि मानेला लागते. घाम आला, चेहरा धुतला की पुन्हा लावावे लागते. जुहरच्या वुजूनंतर बाहेर जायचे असेल तर तेव्हाही. निकाब घेणाऱ्या भगिनींनी कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा उघडा भाग विसरू नये.

सिरम म्हणजे एखादा घटक जास्त प्रमाणात असलेले पातळ द्रव. नायसिनामाइड तेलकटपणा आणि डाग कमी करायला मदत करते आणि बहुतेकींना सोसते. व्हिटॅमिन सी सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावतात. रेटिनॉल रात्रीचे असते, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, आणि गरोदरपणात किंवा त्याची तयारी असताना मुळीच नाही. नव्या सुनेच्या बरीत म्हणूनच रेटिनॉल ठेवू नये. टोनर नसला तरी चालते, त्यावर आम्ही शाई खर्च करत नाही.

उबटनाची मजा वेगळी आहे, ती कोणी काढून घेऊ नये. बेसन, हळद, दूध यांनी चेहरा स्वच्छ होतो, रंग बदलत नाही. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून कोरड्या चेहऱ्याला ती नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात, त्यामुळे लिंबू सरबतापुरतेच ठेवावे.

आता त्या डबीकडे, जिच्यासाठी हे सारे लिहायला घेतले. एखादी खाला मुलगी पाहायला येते, "बाकी सगळं छान आहे, पोरगी जरा सावळी आहे" म्हणून जाते, आणि पंधरा दिवसांत घरात एक गोरे करणारी क्रीम येते. कधी ब्यूटी पार्लरमधून साध्या पांढऱ्या डबीत, कधी बाहेरगावाहून आणलेली, उर्दू अक्षरांची. उर्दू अक्षर दिसले की आपला माणूस वाटतो, हे आम्ही जाणतो. पण २०१९ मध्ये खुद्द पाकिस्तानच्या हवामान बदल मंत्रालयाने ५९ गोरेपणाच्या क्रीम तपासल्या तेव्हा त्यांतल्या फक्त तीनच पाऱ्याच्या मर्यादेत बसल्या.

पारा रंग घडवणारे मेलॅनिन थांबवतो, म्हणून आठवडाभरात चेहरा उजळतो आणि विश्वास बसतो. मग तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. आपल्या अकोल्यात एका घरातल्या तरुण मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला एकापाठोपाठ किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या, ब्यूटीशियनकडून आणलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत एक विशिष्ट खूण मिळाली आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचे सांगितले. पाऱ्याची वाफ होते, त्यामुळे टॉवेल, उशी आणि मांडीवरचे मूलही त्यातून सुटत नाही.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. औषधाच्या दुकानात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असलेले मलम सहज मागून आणले जाते. ते औषध आहे, डॉक्टरने ठरलेल्या दिवसांसाठी लिहून द्यायचे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली, तरी ती मिळत राहतात. महिनोन्‌महिने लावले की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुम आणि बारीक लव येते. बंद केले की चेहरा आग करतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. आमच्या वर्गात उन्हातून आल्यावर गाल लाल करून बसणाऱ्या मुली आम्ही पाहतो, आणि त्यांच्या अम्मी सांगतात, "मॅडम, क्रीम सोडली की जास्त होतं." सोडवायचेच, पण त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

डबी ओळखायची कशी? उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी, यांतले काही नसेल तर घेऊ नका. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल हे शब्द पाऱ्याचे. सोने, चांदी किंवा अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याचीच खूण. क्रीम हवेत आणि उजेडात राखाडी पडू लागली तरी संशय घ्या. सात दिवसांत गोरेपणा असे लिहिले असेल तर पुढचे वाचूच नका. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी.

अशी क्रीम घरात सापडली तर वापर थांबवा, पण डबी लगेच फेकू नका. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा डोळ्यांच्या पापण्या सुजत असतील तर लघवीची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा. एका पिशवीत बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, मोरीत धुऊ नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार देता येते, आणि तिथे ही डबीच पुरावा म्हणून लागेल.