मंजूर नकाशा आणि शेजाऱ्याचा उजेड



नगरपालिकेने नकाशा मंजूर केला की शेजाऱ्याचा आक्षेप निकालात निघतो, हे गेल्या अंकातील पत्राचे प्रतिपादन दोन निरनिराळ्या कायद्यांची गल्लत करते. मंजुरीने बांधकाम नियमांत बसते एवढेच ठरते. शेजाऱ्याचा खासगी हक्क तिने पुसला जात नाही. त्या हक्काला सुविधाधिकार, म्हणजे एका मिळकतीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या मिळकतीवर असणारा मर्यादित हक्क, म्हणतात, आणि १८८२ चा त्याविषयीचा अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार इमारतीला सुविधाधिकार म्हणून, शांततेने व अखंड २० वर्षे मिळालेला उजेड-वारा अडवता येत नाही; मात्र मोकळ्या अंगणासाठी असा हक्क निर्माण होत नाही, आणि खोली जराशी काळोखली एवढ्याने भरपाई मिळत नाही, कारण नुकसान भरीव असावे लागते. पत्रात थट्टेवारी नेलेली पायाच्या खोदाईची तक्रार तर अधिक गंभीर आहे. जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत लगतच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क मुळातच असतो, तिच्यावरील घराच्या भाराला तो मिळवण्यास पुन्हा २० वर्षे लागतात. तेव्हा तळघर खणताना शेजारच्या जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा गेल्यास, दिवाणी न्यायालयात मंजूर नकाशा हे पुरेसे उत्तर ठरत नाही.

— एक वाचक