भाड्याची गाडी आणि समुद्राची वेळ

प्रवासवर्णन शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : लेखकाने काय पाहिले? निसर्ग, माणसे, संस्कृती, लेखकाचे व्यक्तिमत्त्व अशा शीर्षकांखाली उत्तरे येतात आणि त्यांना गुणही मिळतात. लेखक तिथे कशाने गेला, त्या वाहनाचा हिशेब कसा होता आणि ते चालवत कोण होते, हे मात्र आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. वेळणेश्वरला चार दिवस राहून आल्यापासून हे प्रश्न आधी विचारायला हवेत, असे आम्हा दोघांनाही वाटू लागले आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. सुट्टी मोजकी, म्हणून चिपळूणपर्यंत एस.टी.ने गेलो आणि तिथून चालकासह गाडी भाड्याने घेतली. अशा गाडीचा करार सर्वांच्या परिचयाचा आहे : दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे, शिवाय चालकाचा भत्ता. गाडी कमी धावली तरी पैसे तेवढेच. या कराराचा मनावर होणारा परिणाम मात्र तितकासा परिचयाचा नसावा. न वापरलेला प्रत्येक किलोमीटर वाया गेल्यासारखा वाटतो. शृंगारतळीवरून वेळणेश्वराकडे वळतानाच आम्ही नकाशा काढून दुसऱ्या दिवसाची आखणी सुरू केली होती : सकाळी हेदवी, मग गुहागरचा व्याडेश्वर, अंजनवेलचा गोपाळगड, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि संध्याकाळी परत. समुद्र तेव्हा खिडकीतून दिसत होता, पण त्याच्याकडे बघायला आम्हाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. हेदवीच्या दशभुज गणपतीला गर्दी होण्याआधी दर्शन उरकावे, म्हणून आम्ही लवकर निघालो आणि नऊच्या सुमारास उमामहेश्वराच्या देवळापाशी समुद्रावर पोचलो. तिथल्या कातळात बामणघळ नावाची अरुंद, खोल भेग आहे. लाट तीत घुसली की पाणी उंच उसळते, असे वाचले होते. आम्ही उभे होतो तेव्हा घळीच्या तळाशी थोडे पाणी नुसते हलत होते. पाच मिनिटे थांबलो, छायाचित्रे काढली आणि निघालो. गाडीत बसताना चालक म्हणाला, "सर, आता सुकती आहे. तीन वाजता आलात तर बघायला मिळेल." तीन वाजता आम्ही दाभोळच्या वाटेवर असणार होतो. त्याचे बोलणे आम्ही ऐकले, पण ते कार्यक्रमात बसणारे नव्हते.

तीन वाजता आम्ही धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत होतो. खाडी काठोकाठ भरली होती. चालक गाडीला टेकून उभा होता. "आता तिकडे पाणी उडत असेल, मॅडम," एवढेच तो म्हणाला. त्याला हे कसे कळले, असे विचारल्यावर त्याने आम्हाला एक गणित सांगितले. किनाऱ्यावर ते सर्वतोमुखी आहे, आम्हा घाटावरच्यांना मात्र नवे होते : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीच्या चाराची पाऊणपट तीन. पौर्णिमेच्या पंधराची सव्वाअकरा. घड्याळाचा काटा थोडा मागेपुढे होतो, पण हिशेब चुकत नाही. आमच्या खिशातल्या दूरध्वनीवर नकाशा होता, हवामान होते, उपाहारगृहांच्या याद्या होत्या. तिथीही होतीच, संकष्टी आम्हाला ठाऊक होती. तिचा समुद्राशी संबंध आहे, हे मात्र आम्ही विसरलो होतो.

गाडी भाड्याने घेऊन किनारा पालथा घालण्याची ही रीत मूळची कोणत्या समुद्राची, असा प्रश्न तिथे उभ्या उभ्या आमच्यात निघाला. पर्यटनाच्या पुस्तिकांमधले तिचे आदर्श चित्र ग्रीक बेटांचे असते : जोडपे बोटीतून उतरते, बंदरावरच गाडी घेते आणि या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर हिंडते. मीना प्रभु यांच्या 'ग्रीकांजली'मुळे तो देश मराठी वाचकालाही परका राहिलेला नाही. परंतु भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी पाण्याच्या पातळीत काही सेंटिमीटरांचाच फरक पडतो. तिथला किनारा सकाळी दहाला जसा असतो तसाच दुपारी चारला, म्हणून तिथे 'स्थळ' ही प्रवासाची एकके होऊ शकतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी पुरुषभर उंचीने चढते आणि उतरते. इथे नुसते स्थळ नसते. अमुक वेळेचे स्थळ असते. संस्कृतातल्या 'वेला' या शब्दात काळ, मर्यादा, भरती आणि किनारा हे सारे अर्थ एकत्र नांदतात. वेळ न लावता नवसाला पावतो म्हणून वेळणेश्वर, अशी लोकव्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या गावाच्या नावात वेळ आहे आणि तिथे आम्ही किलोमीटर मोजत होतो.

इथपर्यंतची हकीकत एखाद्या प्रवासलेखात सहज शोभली असती : चुकलेली भरती, शहाणा चालक, वरमलेले प्राध्यापक. पण रात्री सकाळची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात आली आणि आमचे वरमणेही अपुरे ठरले. बामणघळीच्या छायाचित्रांत मागच्या कातळावर तीन बायका वाकून काहीतरी करताना दिसत होत्या. त्या कालवे काढत होत्या. कालवे ओहोटीलाच काढता येतात. म्हणजे आम्ही ज्या वेळी 'काही पाहायला नाही' म्हणून परतलो, ती कुणाची तरी कामाची भर वेळ होती. भरती हा देखावा आणि ओहोटी म्हणजे त्याचा अभाव, हा भेद आमचा होता, त्या किनाऱ्याचा नव्हता.

मराठी प्रवासवर्णनाविषयी आमचे म्हणणे इथून सुरू होते. 'आम्ही हेदवीला पोचलो' या वाक्यात कर्ता 'आम्ही' आहे. पोचवणारा वाक्यात कुठेच नाही. प्रवासवर्णनातल्या असंख्य साध्या क्रियापदांमागे अशी प्रयोजक क्रियापदे दडलेली असतात : पाहिले म्हणजे कुणीतरी दाखवले, जेवलो म्हणजे कुणीतरी जेवू घातले. हा निव्वळ सौजन्याचा प्रश्न असता, तर लेखाच्या शेवटी एक आभाराचे वाक्य टाकून भागले असते. प्रश्न ज्ञानाचा आहे. पोचवणारा वाक्यातून गळला की त्याला असलेली माहितीही गळते आणि उरते ते खिडकीतून दिसलेले निसर्गरम्य कोकण.

याचा एक ठळक नमुना धोपाव्याच्या वाटेवरच आहे. एन्रॉनचा वीजप्रकल्प साऱ्या देशाला 'दाभोळ' या नावाने ठाऊक झाला. प्रत्यक्षात तो दाभोळात नाही. खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ आहे. आम्ही दोघांनी नव्वदच्या दशकात त्या वादावरचे कितीतरी लेख वाचले होते. खाडीच्या कोणत्या काठावर हे सारे घडते आहे, ते मात्र गाडीतून जाताना प्रथमच कळले. ज्यांच्या गावात तो उभा राहिला त्यांचे नाव त्याला मिळाले नाही, ही गोष्ट त्या लेखांपैकी एकातही आम्हाला आढळल्याचे आठवत नाही.

याउलट गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आठवावा. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो स्थळे पाहायला नव्हे. घरच्या कर्जापायी, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून आपण ते बंडाची हकीकत म्हणून वाचत आलो. ती त्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की त्या प्रवासात पैसा कुठून आला, कुठे लुटला गेला, कुणी आसरा दिला, याचा हिशेब कधी सुटत नाही. लेखक आपली गरज लपवत नाही, म्हणून त्याला ज्यांची गरज पडली ती माणसेही मजकुरात राहतात. सुट्टीच्या प्रवासाला गरज नसते, हीच त्याची वाङ्मयीन अडचण आहे.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. चार दिवसांची विश्रांती मिळवणाऱ्या नोकरदार जोडप्याने तिचा आनंद घ्यायचा, की प्रत्येक वळणावर आपल्या दृष्टीची झडती घ्यायची? आमच्यापैकी एकाचे मत आजही काहीसे असेच आहे. गाडी आणि २००३ साली सुरू झालेली दाभोळ-धोपावे फेरीसेवा यांमुळे म्हाताऱ्या आईवडिलांना, एकट्यादुकट्या बायकांना हा किनारा आवाक्यात आला, हेही खरेच. गाडी सोडून पायी चाला, असा उपदेश आम्हाला करायचा नाही. चालकाचे पोट त्या किलोमीटरांवरच आहे. आमचे म्हणणे लिहिण्यापुरते आणि शिकवण्यापुरते आहे : वाहनाने आपल्याला काय दाखवले यासोबत त्याने काय दिसू दिले नाही, हे मजकुरात आले पाहिजे, आणि समीक्षेने ते मागितले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चालकाने नेहमीप्रमाणे विचारले, "सर, आज कुठे?" आम्ही म्हटले, कुठेच नाही, पावणेचारला फक्त हेदवी. पंचमी होती, पाचाची पाऊणपट. तो हसला, पण थोडा अस्वस्थही वाटला. उभ्या गाडीचे पैसे नंतर नाकारणारी गिऱ्हाइके त्याला भेटली असावीत. दुपारी तो आमच्याबरोबर कातळावर आला. पाणी उसळले, पण वर्णनांत वाचले होते तितके नाही. चतुर्थी-पंचमीला समुद्राचा जोर ओसरू लागलेला असतो, खरे पाहायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला यावे, असे तो म्हणाला. तो आदल्या दिवशी हे का बोलला नाही, याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. आम्ही विचारलेच नव्हते.

यंदा प्रवासवर्णनाच्या तासाला पहिला प्रश्न आम्ही बदलणार आहोत. चिपळूणला परतल्यावर बिल बाराशे किलोमीटरांचे झाले. गाडी प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही धावली नव्हती.